महाशिवरात्रीच्या फराळासाठी कवठाची चटणी, ४५ पानांची : प्रकल्प नोंदी

२५ जानेवारी २०२६, रविवार

यंदा महाशिवरात्र १५ फेब्रुवारीला, रविवारीच आलीये, त्यामुळे बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मिळून दुपारचा फराळ एकत्र करायचं ठरलंय. माणसं ४५ धरलीयेत. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी पहिल्या मजल्यावर, खिचडी बाहेरून सांगणार, रताळ्याचा कीस आणि काकडीची कोशिंबीर शेजारी होणार, आणि कवठाची चटणी मी मागून घेतली. मागून घेतली कारण उपासाचं ताट कितीही भरलेलं असलं तरी सगळं मऊ, तुपकट आणि एकाच वळणाचं असतं, दाण्याचं कूट यातही आणि त्यातही, बटाटा यातही आणि त्यातही, आणि त्यात जिभेला खडबडून जागं करणारी एकच गोष्ट असते ती म्हणजे कवठाची चटणी. आणि नेमकी तीच ऐनवेळी कुणीतरी दोन कवठं फोडून, गूळ घालून, मिक्सरला गरगर फिरवून आणतं. बाकी सगळ्याची तयारी आदल्या दिवसापासून आणि हिच्यासाठी दहा मिनिटं, हे मला पटत नाही.

हिशोब मांडून ठेवते. एका पानाला मोठा चमचाभर वाढायची, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. ४५ पानं म्हणजे १३५० ग्रॅम, दुसऱ्यांदा मागणारे असतातच म्हणून दीड किलो धरू. यात गूळ मोठा भाग खातो, तरी कवठाचा गर ८००-९०० ग्रॅम लागेलच. मध्यम आकाराच्या कवठातून शंभर-सव्वाशे ग्रॅम गर निघतो, म्हणजे आठ कवठं चांगली निघाली पाहिजेत. पण कवठ बाहेरून कळत नाही, फोडल्याशिवाय आत काय आहे ते सांगता येत नाही, म्हणून चौदा घेणार. दोन ट्रायलला, चार खराब निघतील या तयारीने.

३१ जानेवारी, शनिवार

मंडईत गेले. शिवरात्रीच्या दोन दिवस आधी कवठं ढिगाने येतात पण तेव्हा गर्दीत निवडायला कुणी देत नाही आणि पिकवायलाही वेळ उरत नाही, म्हणून आत्ताच. मंडईच्या बाहेरच्या अंगाला एक मावशी पाटीत बोरं, आवळे आणि कवठं घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याकडे घेतली. पुरंदरकडच्या शेताच्या बांधावरची आहेत म्हणाल्या. आता बांधावर नवीन कवठ कुणी लावत नाही हेही त्यांनीच सांगितलं, आणि खरंच आहे ते, बी लावून वाढवलेलं झाड फळ धरायला पंधराएक वर्षं घेतं, एवढा दम कुणाला. जी झाडं आहेत ती आजा-पणजाच्या काळातली.

निवडताना काय बघितलं ते लिहून ठेवते, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवायची वेळ आली तर उपयोगी पडेल. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. साल पांढुरकी-करडी आणि खरखरीत असते ते ठीक, पण चीर नको, बारीकशी चीरही नको कारण तिथूनच बुरशी आत जाते. देठाच्या जागी नाक लावायचं. पिकलेल्याला गूळ आणि आंबलेलं काहीतरी एकत्र असल्यासारखा घमघमीत वास येतो, कच्च्याला जवळजवळ काहीच नाही. मग शेवटची परीक्षा, फूटभर उंचीवरून फरशीवर सोडायचं. कच्चं असेल तर टण्णकन उडतं, पिकलेलं असेल तर थप्प आवाज करून तिथेच बसतं. मावशींनी स्वतःच एकेक टाकून दाखवलं, "ताई ह्ये बघा, ह्ये उद्या खा, ह्ये आठ दिसांनी." मी मुद्दाम बहुतेक आठ दिवसांची घेतली, चार-पाच तेवढी लगेचची.

शेजारच्याच गाड्यावर बेलफळं होती आणि एक मुलगी तीच कवठं समजून घेत होती. दोन्ही लिंबाच्या कुळातलीच, कवचही दोघांचं कडक, त्यामुळे गोंधळ होतो. बेलफळाची साल गुळगुळीत आणि पिवळसर हिरवी, आतला गर पिवळा-केशरी. कवठ खरखरीत, आतून तपकिरी. बेलफळाचं सरबत छान होतं, मुरांबा होतो, पण ही चटणी त्याची होत नाही कारण त्यात तो आंबटपणाच नाही. तिला सांगितलं, तिने बदलून घेतली.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कवठं गच्चीत उन्हात ठेवतेय, साधारण अकरा ते तीन, मधे एकदा कूस बदलून. संध्याकाळी खाली आणून टोपलीत, खाली वर्तमानपत्र, वर सुती पंचा. आई तांदळाच्या डब्यात आंबे पिकवायची तसं यांचं करू नये, कवठाचा वास तांदळाला असा लागतो की पुढचे पंधरा दिवस भातातून येतो. आणि प्लास्टिकच्या पिशवीत तर अजिबात नको, आत पाणी सुटतं आणि देठाशी बुरशी धरते.

घरभर वास सुटायला लागलाय. लेकीला तो आवडत नाही, मला त्या वासानेच शिवरात्र जवळ आल्यासारखं वाटतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज दोन फोडली, ट्रायल.

फोडायची पद्धत: कवठ डाव्या हातात घट्ट धरायचं, उजव्या हातात बत्ता, आणि मधोमध एका रेषेत गोल फिरवत फिरवत ठोके द्यायचे. एकच जोरात दणका दिला तर कवचाचे तुकडे गरात घुसतात आणि ते लाकडासारखे तुकडे नंतर दाताखाली येतात. तीन-चार ठोक्यांत आवाज बदलतो, टक्क टक्कचं ठक्क होतं, मग अंगठ्याने दाबलं की दोन वाट्या वेगळ्या होतात. आतला गर गडद तपकिरी, चिकट, मधूनमधून जाड धागे आणि त्यात रुतलेल्या पांढऱ्या बारीक बिया. चमच्याने कडेकडेने खरवडला की सगळा सुटून येतो. कवचाला चिकटलेला पातळ थर सोडून द्यायचा, तो तुरट असतो. दोन्ही मिळून २३० ग्रॅम गर मिळाला.

धागे बोटांनी ओढून काढले, बिया ठेवल्या. बियांबद्दल दोन पक्ष आहेत. काही जण गर चाळणीतून घासून बिया काढतात, चटणी एकदम लोण्यासारखी होते, दिसायला सुंदर. मला बिया हव्यातच, दाताखाली कुरकुर येते ती या चटणीची अर्धी गंमत आहे. पण ठेवायच्या तर अख्ख्या ठेवायच्या. थोडा गर मिक्सरला फिरवून बघितला, बिया अर्ध्या भरडल्या गेल्या आणि चव कडसर, खरबरीत झाली, रंगही मळकट. त्यामुळे मिक्सर बाद. हाताने कुस्करून कालवणार, वेळ लागला तरी चालेल.

मग गुळाचं प्रमाण. राहिलेल्या गराचे तीन सारखे भाग केले आणि वजनावर गूळ घातला, एकात निम्मा, एकात पाऊणपट, एकात बरोबरीने. निम्मा गूळ घातलेली अजून दात आंबवत होती. बरोबरीची खाताना गोड लागली पण गूळच लागला, कवठ कुठे गेलं ते शोधावं लागत होतं. पाऊणपटीची जमली, आधी गोड, मग आंबट, आणि गिळल्यावर मागे तो कवठाचा वास रेंगाळतो.

मसाला १०० ग्रॅम गराला असा: पाव चमचा मीठ, पाऊण चमचा लाल तिखट, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. जिरं भाजूनच घ्यायचं, कच्च्या जिऱ्याची पूड कवठाच्या वासापुढे तग धरत नाही. तिखट ब्याडगीचं, रंग येतो आणि जळजळ होत नाही, त्यात चिमूटभर लवंगी मिरचीचं म्हणजे तिखटपणा कळतो तरी.

पण हे प्रमाण या दोन कवठांचं आहे. दुसऱ्या दोघांचं वेगळंच असेल, एकाच झाडाची असली तरी.

८ फेब्रुवारी, रविवार

तिन्ही वाट्या फ्रीजमध्ये ठेवून आज सगळ्यांना चाखायला दिल्या. रात्रभरात फरक पडलाय. गुळाला पाणी सुटून चटणी सैल झालीये, वर तकाकी आलीये, आणि तिखट-मीठ-जिरं जे काल वेगवेगळं लागत होतं ते एकजीव झालंय. म्हणजे आदल्या दिवशी करायची हे नक्की, सकाळी करून दुपारी वाढली तर ती कच्चीच लागेल.

सासूबाईंनी पाऊणपटीचीच निवडली पण त्यांचं म्हणणं दाण्याचं कूट हवं, त्यांच्या माहेरी घालतात, चटणी आळते आणि पुरते. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या वरून साजूक तुपात जिऱ्याची फोडणी द्या. एका वाटीत कूट घालून बघितलं, फोडणीही देऊन बघितली. फोडणीची छान लागते, गरम वरीच्या भातावर तर फारच. कुटाने मात्र आंबटपणाची धार गेली. कूट आमटीत आहे, खिचडीत आहे, काकडीत आहे, इथे तरी नको असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुला पटतंय तसं कर, पण माझ्यासाठी एक वाटी कुटाची बाजूला काढ." काढणार.

ग्रुपवर कोथिंबीर चालते की नाही यावर बराच वेळ चर्चा झाली. काही घरांत उपासाला चालते, काहींत नाही. हिंग तर नाहीच, त्यात पीठ असतं. मोहरी, हळदही नाही. जे एकाही घराला चालत नाही ते चटणीत जाणार नाही, आणि कोथिंबीर ज्यांना हवी त्यांच्यासाठी वेगळ्या वाटीत चिरून ठेवू.

(कच्च्या कवठाची हिरवी मिरची-कोथिंबीर घालून केलेली चटणी हा वेगळाच प्रकार आहे आणि तोही फार चांगला लागतो, पण तो भाकरीबरोबर. उपासाच्या ताटात पिकलेल्याचीच.)

११ फेब्रुवारी, बुधवार

गूळ आणला. कोल्हापुरी, मऊ, एक किलोची भेली. ही चटणी शिजत नाही त्यामुळे गूळ गाळून घ्यायची सोय नाही, गुळात खर असेल तर ती सरळ तोंडात येणार, म्हणून दुकानात एक खडा चावून बघूनच घेतला. चिक्कीचा गूळ घेऊ नये, तो कडक असतो आणि विरघळताना गुठळ्या राहतात. अगदी काळा गूळही मी टाळला, चवीला खमंग असतो पण खारटपणाकडे झुकतो आणि कवठाचा रंग आधीच गडद, चटणी काळीठिक्कर दिसते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

टोपली तपासली. एका कवठाला देठाशी ओलसर डाग आणि पांढरी बुरशी, काढून टाकलं. बाकी अकराच्या अकरा थप्प बसतात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस चटणीचा.

सकाळी नऊला अकरा कवठं फोडायला घेतली. सगळी एकदम एका पातेल्यात रिकामी करायची नाहीत हे पहिल्यापासून ठरलेलं, प्रत्येक कवठाला वेगळी वाटी. फोडायचं, वास घ्यायचा, रंग बघायचा, मग चमच्याच्या टोकावर घेऊन चाखायचं, पाण्याचा घोट घ्यायचा, पुढचं. एक आतून जाळी धरल्यासारखं निघालं, कवचाच्या आतून राखाडी तंतू, ते न चाखताच फेकलं. दारूसारखा भपकारा आला तरी फेकायचंच, तसं मात्र कुठलं नव्हतं.

उरलेल्या दहांचे तीन गट पडले. पाच गोडसर, गर जवळजवळ चॉकलेटी, धागे कमी. तीन चांगली आंबट, रंग जरा फिका. आणि दोन तुरट, वासाने पिकलेली पण जिभेवर ठेवल्या ठेवल्या टाळू आवळला. या दोनांनी सगळ्या पातेल्याची वाट लावली असती. तुरटपणा गुळाने झाकला जात नाही, कितीही घाला, तो शेवटी वर येतोच. ती दोन बाजूला डब्यात, त्यांचं नंतर बघू.

आठ कवठांचा गर ९२० ग्रॅम. मोठ्या स्टीलच्या परातीत घेऊन लेक आणि मी दोघी बसलो, धागे काढत, कवचाचा कण दिसला तर तो वेचत. पितळेची परात हाताशी होती पण तिची कल्हई गेलीये, आणि कवठासारखं आंबट बिनकल्हईच्या पितळेत किंवा अ‍ॅल्युमिनियममध्ये ठेवू नये, कळकतं. स्टील, काच नाहीतर चिनीमाती.

आता गूळ. विळीवर बारीक चिरून घेतला होता. पहिल्या हप्त्यात ४०० ग्रॅम घालून हाताने मळायला सुरुवात केली. सुरुवातीला गर आणि गूळ एकमेकांना जुमानत नाहीत, बोटांमधून घट्ट गोळे निसटत राहतात, मग पाच-सात मिनिटांनी गुळाला पाणी सुटतं, गर सैल पडतो आणि परातीच्या तळाशी आवाज बदलतो, पचपचीत ओला आवाज. तिथे थांबायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. घाईने लगेच चाखून पुढचा गूळ घातला तर नक्की जास्त होतो, कारण न विरघळलेल्या गुळाची गोडी अजून कळतच नसते.

अर्ध्या तासाने चाखली, आंबट. १५० ग्रॅम अजून. परत मळून परत अर्धा तास. मग सासूबाईंना आणि लेकीला बोलावलं, एक गोडाकडची, एक तिखटाकडची, दोघी एकदम "अजून थोडा" म्हणाल्या तेव्हा ८० ग्रॅम घातला आणि थांबले. एकूण ६३० ग्रॅम. म्हणजे ट्रायलच्या पाऊणपटीपेक्षा कमीच लागला, गोडसर कवठं जास्त निघाल्यामुळे. वहीतलं प्रमाण बघून एकदम ६९० ग्रॅम ओतला असता तर या कवठांना तो जडच झाला असता.

मीठ, तिखट, जिरेपूड शेवटी. मीठ घालताना मी मुद्दाम हात जरा सैल सोडला, मीठ नीट पडलं की गूळ कमी असूनही गोडी वर येते. पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे टिकायलाही बरी. सासूबाईंची कुटाची वाटी काढली आणि बाकीची चिनीमातीच्या बरणीत, वर पंचा बांधून, थंड ओट्यावर संध्याकाळपर्यंत, मग फ्रीजमध्ये.

१५ फेब्रुवारी, रविवार, महाशिवरात्र

सासूबाई पहाटेच पाताळेश्वरला जाऊन आल्या. जंगली महाराज रस्त्यावरचं हे आठव्या शतकातलं, एका दगडात कोरलेलं लेणं आहे आणि आज तिथली रांग फार लांब असते. येताना बेल, आंब्याचा मोहोर आणि एक कवठ घेऊन आल्या, देवापुढे ठेवायला. गणपतीच्या गजाननं भूतगणादि श्लोकातही कवठ आहे, जांभळाबरोबर, पण घराघरांत ते येतं आजच्या दिवशी.

चटणी फ्रीजमधून अकराला बाहेर काढली, गार गार वाढली तर वासच येत नाही. काल हातातून घट्ट पडत होती ती आज चमच्यावरून सावकाश, जाड धारेने उतरते, रंग चिंचेच्या कोळापेक्षा गडद, वर गुळाची चमक आणि त्यात पांढऱ्या बिया. वाढायच्या अगदी आधी चार चमचे तुपात जिरं तडतडवून ती फोडणी फक्त अर्ध्या चटणीवर घातली, दोन भांडी वेगळी ठेवली.

पानं जमिनीवर मांडली होती. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. चटणी वाढायला मीच गेले, वाढताना आधी नुसती चाखा म्हणून प्रत्येकाला सांगत होते. पहिल्या पंगतीत लहान मुलं होती, त्यांनी बोटाने चाटून बघितली आणि मग राजगिऱ्याच्या पुरीवर जॅमसारखी लावून खाल्ली, हे मला सुचलंच नव्हतं आणि फार चांगलं लागतं. आजींना वरीच्या भातावर आमटी आणि बाजूला फोडणीची चटणी, त्यांनी तीनदा मागितली. कधीच कवठ न खाल्लेले एक नवीन भाडेकरू आहेत, त्यांना वाटलं चिंच-खजुराची आहे, बियांपाशी थांबले आणि विचारलं हे काय, मग कवच आणून दाखवलं.

दुसरी पंगत संपताना बिनफोडणीचं भांडं रिकामं, फोडणीच्यात वाटीभर उरली. पुढच्या वर्षी साधी जास्त ठेवायची, फोडणी एक तृतीयांशालाच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ती दोन तुरट कवठं राहिली होती. त्यांचा गर दुप्पट पाण्यात पंधरा मिनिटं उकळला, मलमलच्या फडक्यातून न पिळता नुसता टांगून गाळला, कारण पिळलं की गढूळ येतं. जे पाणी आलं त्यात वजनाला जवळजवळ तेवढीच साखर घालून मंद आचेवर आटवलं. कवठात पेक्टिन भरपूर असतं त्यामुळे वेगळं काही घालावं लागत नाही. थंड बशीवर थेंब टाकून बोट फिरवलं आणि रेघ तशीच राहिली तेव्हा उतरवलं. माणकासारखी लालसर, पारदर्शक जेली झालीये, आणि साखरेबरोबर उकळल्यावर तो टाळू आवळणारा तुरटपणा अगदी नावापुरता उरलाय, टोस्टवर तो चांगलाच वाटतो. दोन छोट्या बाटल्या भरल्या, एक आजींना दिली.

उरलेली चटणी आज भाकरीबरोबर संपली. पुढच्या वर्षीसाठी मंडईतल्या मावशींकडे आत्ताच सांगून ठेवलंय, वीस कवठं, आणि त्यातली चार हिरवी, कच्ची.